आईची इरकल आणि पन्नाशीतली मी

पन्नाशीला आल्यावर मी जुन्या साड्या नेसायला लागले आणि खरं सांगते, एवढी ऐट मला पंचविशीत कधी वाटली नव्हती. आईची १९७४ची इरकल आहे माझ्याकडे, गर्द हिरवी, आणि तो टोपपदर, लाल रेशमात पांढरी नक्षी! इरकलीत अंगाचा आणि पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो, ते धागे एकमेकांत अडकवून जोडतात, तो जोड कधी बोट फिरवून बघा, अजून एक धागा सुटलेला नाही.

ब्लाऊज मात्र जुनाच घालायचा हट्ट नको, माप बदलतंच ना, मी लक्ष्मी रोडवरून गुळेदगुडचा खण आणला आणि कोपरापर्यंत बाह्या ठेवून शिवून घेतला. फिटिंग नीट बसलं की निम्मा कॉन्फिडन्स तिथेच येतो.

जुनं रेशीम घडीवर विरतं, म्हणून घड्या बदलत राहायच्या, साडी मलमलमध्ये गुंडाळायची आणि जरीला डांबरगोळ्या अजिबात लागू द्यायच्या नाहीत.

शनिवारी बालगंधर्वला नाटक आहे, हीच नेसणार, पायात कोल्हापुरी, मनगटावर चावीचं घड्याळ. या वयात एवढं भडक? असं कुणी म्हणालंच तर म्हणू देत.