मागचा गळा

ब्लाउज शिवायला टाकला की शिंपीमास्तर पहिला प्रश्न विचारतात तो मागच्या गळ्याचा. पुढचा गळा ते मापाच्या ब्लाउजवरून घेतात, बाह्यांचं त्यांना पाठ असतं. मागचा गळा मात्र दरवेळी नव्यानं ठरवायचा. गोल, चौकोनी, पानाचा की मटका? आणि खोल किती? गेली तीस वर्षं मी "साडेसात" म्हणत आले. पुण्याच्या उन्हाळ्यात पाठीला तेवढीच हवा, एवढाच त्यामागचा हिशेब. त्या साडेसात इंचांतून हवेशिवाय आणखीही काही आत येऊ शकतं, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तेही सिंगापुरात, एका चिनी म्हातारीकडून.

लेकीकडे तीन महिने राहायला गेले होते. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटूनच. बारा महिने तोच उकाडा, तोच घाम. आणि अशा गावात मला पाठीत गार वाटायला लागलं. हुडहुडी नाही, कणकण नाही, दुखणंही नाही. दोन खवाट्यांच्या मधोमध, कुणीतरी ओला तळहात ठेवला आणि उचलायचं विसरून गेलं, असं काहीतरी. हात मागे नेऊन चाचपावं तर नेमका तिथेच हात पोचत नाही. आपल्याच अंगावर आपल्याला न दिसणारा, न पोचणारा एवढा मोठा इलाखा आहे, हे एरवी लक्षातही येत नाही.

लेकीनं आधी रीतसर दवाखाना केला. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं छान. "वयानं होतं असं कधीकधी," एवढं ऐकून आम्ही परत आलो. हृदयाची काळजी मिटली हे बरंच झालं, पण तळहात जागचा हलला नव्हता.

शेजारच्या आंटी सत्तरी ओलांडलेल्या. तिथे कुणीही थोराड बाई आंटीच, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींनाच आंटी म्हणायचो. लिफ्टमध्ये मी खांदे आवळत होते ते त्यांनी पाहिलं. विचारलं, मी सांगितलं. बाईंनी मला सरळ पाठमोरी फिरवली, उघड्या पाठीवर स्वतःचा उबदार, खरखरीत हात ठेवला आणि म्हणाल्या, "इथून शिरलं. तुझं दार उघडं आहे."

मला वाटलं, मागचं हूक सुटलं की काय!

आंटींचं दार म्हणजे 'फंगमन', वाऱ्याचं दार. मानेखालून पाठीचा दुसरा मणका मोजायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दीड त्सुनावर एकेक बिंदू धरायचा. त्सुन म्हणजे ज्याच्या त्याच्या अंगठ्याची रुंदी. आयुर्वेदात माणसाला त्याच्याच अंगुळानं मोजतात, त्यातलाच प्रकार. वारा अंगात शिरतो तो या दोन दारांतून, असं चिनी वैद्यक मानतं. घरी येऊन मी आरशासमोर मोजून पाहिलं. माझ्या साडेसात इंची गळ्यात दोन्ही दारं अगदी ऐसपैस बसत होती. आणि लेकीच्या हॉलमध्ये मी जिथे बसून दुपारभर वाचायचे, तिथे एसीचा झोत मागून थेट त्यांच्यावरच यायचा.

आता वारा अंगात शिरतो, हे चिन्यांकडून शिकायची मला गरज नव्हती. माझी आजी दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन मरेपर्यंत हेच सांगत होती. "वारं लागलं", "वारं बाधलं" हे आमच्या घरातलं निदान, आणि मान अवघडण्यापासून तोंड वाकडं होण्यापर्यंत कशालाही चालायचं. चिनी मंडळींनी मात्र या वाऱ्याची नीट वंशावळ मांडली आहे. हुआंगदी नेईजिंग हा त्यांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ वाऱ्याला शंभर रोगांचा म्होरक्या म्हणतो. तो पुढे चालतो आणि थंडी, ओल वगैरे मंडळी त्याच्या मागून आत येतात. फटीतून, मागून, नकळत येणाऱ्या झोताला त्यांच्याकडे नाव आहे 'झेई फंग', म्हणजे चोर वारा. समोरून येणाऱ्या वाऱ्याला आपण तोंड देतो, डोळे मिचकावतो, पदर ओढून घेतो. चोर यायचा तो मागच्या दारानंच.

त्याच ग्रंथात आणखी एक वाक्य आहे: पाठ यांग, पोट यिन. ऐकायला गूढ वाटतं, पण भातलावणीला ओणवं झालेलं माणूस डोळ्यांपुढे आणलं की झालं. ऊन पाठीवर, सावली पोटाखाली. पाठ ही माणसाची उन्हाची बाजू. कण्यातून 'दू माई' नावाचा मोठा प्रवाह वर चढतो, शरीरातल्या सगळ्या यांगचा तो समुद्र. त्याच्या दोन्ही अंगांनी मूत्राशयाची वाहिनी उतरते. वाहिनी म्हणजे इथे नळी नव्हे, प्राणशक्तीची वाट. ही डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात सुरू होते, डोक्यावरून मागे वळते, पाठीवर दुहेरी होते आणि थेट पायाच्या करंगळीत जाऊन संपते. तिच्यावर सदुसष्ट बिंदू, इतके दुसऱ्या कुठल्याच वाहिनीवर नाहीत. ही सगळी मिळून गावाची वेस. परका आला की पहिली झटापट वेशीवर, म्हणून सर्दीतापाच्या आधी मान आखडते, पाठीवरून शिरशिरी जाते. आणि वेशीवर कुणी आलेलं नसतानाही पाठ गार पडत असेल, तर घरातलीच चूल विझत चालली आहे असं समजायचं.

या दोहोंतला फरक ओळखायची त्यांची युक्ती मला फार आवडली. गोधडी घेतली तरी थंडी जात नाही, ती बाहेरून आलेली. गोधडी घेतल्यावर जाते, ती आतली. एवढंच. थर्मामीटर नाही, काही नाही, एक गोधडी.

आंटी मला ज्या दुकानात घेऊन गेल्या, त्याला तिथे मेडिकल हॉल म्हणतात. आत शिरताच आपल्या काष्ठौषधीच्या दुकानाचा वास, फक्त त्यात सुकवलेल्या मासळीची एक छटा जास्त. मागची अख्खी भिंत छोट्या छोट्या लाकडी खणांची. अशा कपाटाचं नाव शंभर पोरांचं कपाट. वैद्य पन्नाशीतले, चष्मा कपाळावर. माझी मनगटं त्यांनी एकामागून एक छोट्या उशीवर ठेवून घेतली, तीन बोटांनी नाडी पाहिली, जीभ काढायला लावली, आणि विचारलं, "तोंड कोरडं पडतं?"

मी म्हटलं, "पाठ. पाठ गार पडते."

"ते कळलं. तोंड कोरडं पडतं? तहान लागते?"

त्या वेळी मला वाटलं, भाषेचा घोळ झाला. परत आल्यावर हा प्रश्न कुठून आला ते शोधत बसले आणि शोधता शोधता चांग चुंगचिंग या वैद्यापर्यंत पोचले. हा हान राजवटीच्या अखेरचा, म्हणजे इसवी सन २०० च्या आसपासचा. आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो लिहितो की आमच्या कुळात दोनशेवर माणसं होती. च्येनआन कालगणना सुरू झाल्यापासून दहा वर्षं पुरी व्हायच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली, आणि गेलेल्यांत दहांतली सात थंडीच्या बाधेनं. च्येनआनची सुरुवात १९६ मधली. घरातून एवढ्या तिरड्या उठलेला माणूस 'थंडी वाजते' हे शब्द वरवर कसे ऐकेल? त्यानं थंडीचे प्रकार पाडले, पोटप्रकार पाडले, आणि त्याचं शांग हान लुन हे पुस्तक आजही चिनी वैद्य घोकतात.

त्यात गार पाठीचे दोन रुग्ण येतात. पहिल्याला एकदोन दिवसांचं दुखणं, तोंड ओलसर, तहान नाही, आणि पाठीत थंडी. याची चूल विझते आहे. त्याला डागल्यासारखा शेक द्या आणि फूत्झी घातलेला काढा पाजा. फूत्झी म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातलं मूळ, नीट शोधलं-शिजवलं नाही तर जीव घेणारं. दुसऱ्यालाही पाठीत किंचित थंडी, पण तोंड कोरडं ठक्क, तहान, जिवाची तगमग. याच्या आत भट्टी पेटलेली आहे, घामावाटे सगळं बळ वाहून चाललं आहे आणि त्या रिकामेपणाची गारठी तेवढी पाठीवर उमटते आहे. त्याला जिप्सम घातलेला थंड काढा. पाठ दोघांची गारच, पण एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर संपलं! मध्ये उभा आहे तो फक्त एक प्रश्न: तोंड कोरडं पडतं का?

माझं तोंड कोरडं नव्हतं. उलट जिभेवर पांढरा ओलसर थर आणि कडांना दातांचे ठसे निघाले. वैद्यांनी मान हलवली आणि गार जागा केवढी ते विचारलं. मी तळहात दाखवला. ते हसले. इतकं समाधानानं हसले की मला जरा रागच आला.

हसण्याचं कारणही त्याच चांग चुंगचिंगच्या लिखाणात सापडलं. जिन गुई याओ लुए या नावानं त्याचा जो दुसरा भाग ओळखला जातो, त्यात पाणी साचण्याच्या विकारांचं एक प्रकरण आहे. तिथे लिहिलंय: ज्याच्या हृदयाखाली पाणी साचून राहिलं आहे, त्याची पाठ हाताएवढी गार पडते. हाताएवढी! अठराशे वर्षांपूर्वी कुण्या चिनी माणसानं वैद्यासमोर असाच तळहात पसरला असणार. मला एकदम माझ्या त्या ओल्या हाताच्या मालकाचा पत्ता लागल्यासारखं झालं. "वयानं होतं" यापेक्षा हे कितीतरी बरं होतं.

हाताएवढीच का, याचं दुसरंही उत्तर आहे म्हणा. बोटाच्या टोकाला दोनतीन मिलिमीटरवरचे दोन स्पर्श वेगळे कळतात. पाठीला ते वेगळे कळायला चारेक सेंटिमीटरचं अंतर लागतं. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८३४ साली कंपास टोचून टोचून हे मोजलं होतं. पाठीला बारीक अक्षर वाचताच येत नाही. तिला जे कळतं ते ढोबळ, हाताएवढंच. लहानपणी आम्ही एकमेकींच्या पाठीवर बोटानं अक्षरं काढून ओळखायला लावायचो. 'घ' आणि 'ध' मध्ये हमखास भांडण.

तर माझ्या हृदयाखाली पाणी. ते आलं कुठून? वैद्यांच्या मते मीच भरलं. रोज मोजून तीन लिटर पाणी, ते फ्रिजमधलं, वर बर्फ घातलेली कॉफी आणि उसाचा रस. प्लीहेला (त्यांची प्लीहा म्हणजे पचनाचं सगळं खातं) एवढं गार पाणी तापवून वाटून देता येईना, म्हणून ते जिथल्या तिथे तुंबलं आणि उन्हाच्या बाजूला सावली पडली. यावर चांगचं सूत्र आहे: पाणी साचलेल्यांना ऊबदार औषधानं सांभाळून घ्या. माझ्या पुडीत चारच जिनसा होत्या. पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग नावाची पांढरी बुरशी, दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पायचू नावाचं एक मूळ, आणि ज्येष्ठमध. यातल्या दोन तर आमच्या मिसळणाच्या डब्याशेजारीच असतात. तीन वाट्या पाणी घालून एक वाटी उरवायची. काढ्याचं गणित सगळीकडे सारखंच.

आंटींचं एवढ्यावर भागलं नाही. संध्याकाळी टायगर बाम घेऊन त्या घरी हजर. चोळल्यावर आधी बर्फासारखं गार आणि मग ऊन. गार काढायला गार कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "चोराला चोरच ओळखतो." हे चिनी वैद्यक की आंटींचं, देव जाणे. चोळता चोळता त्यांनी आणखी एक सांगितलं. सुंग काळातल्या छन वनचुंग नावाच्या बालवैद्यानं मुलं वाढवायचे दहा नियम लिहिले आहेत. पहिलाच नियम पाठ ऊबदार ठेवा, मग पोट, मग पाय, आणि चौथा डोकं थंड. आम्ही बाळाची टाळू तेलानं भरतो, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतो, वेखंड-ओव्याची धुरी देतो, दुपट्यात करकचून गुंडाळतो. आणि एवढं सगळं करून झबलं मात्र मागे नाड्या बांधायचं, पाठ उघडी टाकणारं! आजी हयात असती तर मी हा मुद्दा नक्की काढला असता आणि शिव्या खाल्ल्या असत्या. बिनबाह्यांच्या बंडीला चिनी भाषेत 'बेईशिन' म्हणतात. बेई म्हणजे पाठ, शिन म्हणजे हृदय. हात उघडे राहिले तरी चालतील, पाठ आणि काळीज झाका, असा हिशेब शब्दातच शिवून टाकलेला.

दहाबारा दिवसांत गारठा गेला. मी हे लेकीला मोठ्या विजयानं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू काढा घेतलास, बर्फ सोडलास, एसीखालची खुर्ची बदललीस, वर दिवसभर माझी शाल घेऊन बसतेस. नक्की कशानं गेला?" ती सांख्यिकीवालीच आहे, तिच्याशी कोण वाद घालणार. काढा तसाच घेत राहिले आणि उरलेल्या दोन पुड्या निघताना आंटींना देऊन आले. त्यांनी मला विणलेली एक बेईशिन दिली, मरून रंगाची, सिंगापुरात विणलेली आणि पुण्यात वर्षातून दहा दिवस उपयोगी पडणारी.

परवा भाचीच्या लग्नाचे ब्लाउज टाकायला गेले. मास्तरांनी वही उघडली.

"मागचा गळा साडेसात, नेहमीचा?"

"चार."

"चार?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काकू, पैठणी आहे. पाठ दिसायला नको का?"

"मग पाच करा."

"आणि नॉट लावू ना, लटकनवाली?"

मी विचारात पडले. नॉटच्या नाड्या नेमक्या कुठल्या मणक्यावर येतील ते मोजायला हवं होतं. मास्तरांनी टेप उचलली, मला फिरायला सांगितलं, आणि टेपचं पत्र्याचं टोक मानेखाली टेकवलं. गार होतं.