एक मोबाइल, सहा पेशंट

दवाखान्याचे केसपेपर संगणकात न्यायचे म्हटल्यावर ज्याने त्याने मला स्कॅनिंगची भीती घातली होती. ते तर सुट्टीतल्या दोन कॉलेजच्या मुलांनी हसतखेळत उरकलं. मला छळलं ते नोंदणीच्या स्क्रीनवरच्या एका चौकटीने. 'मोबाइल क्रमांक', शेजारी लाल चांदणी.

चौकट रिकामी ठेवता येत नाही, आणि एकदा वापरलेला नंबर दुसऱ्या पेशंटला चालत नाही. हे ठरवणाऱ्याने तालुक्याचा दवाखाना बाहेरूनही पाहिला नसावा. वाईच्या आसपासच्या वाड्यांमधून आमच्याकडे येणाऱ्या कित्येक घरांत आजी, आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं मिळून नंबर एकच. तो फोनही माथाडी कामाला मुंबईत असलेल्या मुलाच्या खिशात. सासऱ्यांनी दवाखाना काढला तेव्हापासून आमच्याकडे घरटी एक पाकीट आणि त्यात प्रत्येकाचं कार्ड अशी पद्धत. कंपाउंडर काका आडनाव आणि वाडी ऐकली की क्षणात पाकीट काढून देत. संगणकाला मात्र आजी आणि सून ही दोन वेगळी माणसं आहेत हे पटेना.

सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनवरचा मुलगा गोड बोलायचा. "मॅडम, सिस्टिमला युनिक नंबर लागतोच. पेशंटला दुसरा नंबर विचारा ना."

"अरे बाळा, आजीला दुसरा नंबर कुठून आणू?"

"मग दहा वेळा नऊ टाका."

टाकले. पहिल्या आजीला चालले. दुसऱ्या आजीला 'हा क्रमांक आधीच नोंदलेला आहे'. तक्रार नोंदवावी, दोन दिवसांनी 'निराकरण झाले' असा मेसेज यावा, आणि चौकट जागच्या जागी. पुढच्या वेळी नवा मुलगा, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं.

त्यात जन्मतारीख. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख हेडमास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली, म्हणजे १ जून. एकाच भावकीतले दोघे, नाव, बापाचं नाव, आडनाव तेच, तारीख १ जून. स्क्रीन विचारते, 'हा तोच पेशंट आहे. नोंदी एकत्र करायच्या?' त्यातल्या एकाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे! त्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, अशी चिठ्ठी मी मॉनिटरवर चिकटवली. ती अजून तिथेच आहे.

कुणी म्हणालं, आभा क्रमांक काढा, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, चौदा आकडी, प्रत्येकाचा वेगळा. कल्पना चांगली, आणि ज्यांचा आहे त्यांचा आम्ही घेतोही. पण आधारच्या ओटीपीवरून काढायचा तर तो ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जाणार, म्हणजे पुन्हा मुंबईतल्या त्या मुलाकडे. तो हमालीच्या घाईत फोन कधी उचलणार?

शेवटी वार्षिक नूतनीकरणाचं बिल आलं. मी कळवलं, मोबाइलची सक्ती काढा आणि आमचा जुना कार्ड नंबर हीच पेशंटची ओळख धरा, मग पैसे. इतके महिने 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' असलेलं काम त्याच आठवड्यात झालं. मला आनंद झाला, हे लपवत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर घेणाऱ्यांना सांगते: डेमोला आलेल्या माणसाला समोर बसवून एकाच नंबरवर सासू आणि सून नोंदवायला लावा. जन्मतारखेऐवजी नुसतं वय चालतं का, तेही बघा. उद्या कंपनी बदलली तर सगळा डेटा आपल्याला कुठल्या स्वरूपात मिळेल, हे लेखी घ्या. आमच्या यादीतली मराठी नावं एक्सेलमध्ये उघडल्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसत होती. फाइल थेट न उघडता इम्पोर्ट करून यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट साठवणारी संगणकाची पद्धत) निवडल्यावर ती नीट दिसली.

स्कॅनिंगचं एक राहिलं. ईसीजीच्या थर्मल पट्ट्या सगळ्यात आधी घ्या, त्या फिकट होत जातात. आणि स्कॅन म्हणजे नुसता फोटो. सासऱ्यांचं अक्षर मला वाचता येत नाही, संगणकाला काय येणार? त्यामुळे नेहमीच्या पेशंटची ॲलर्जी, जुने आजार, ऑपरेशनं आणि चालू गोळ्या एवढं मी स्वतः टाइप करते, तो पेशंट समोर आला की. सगळ्यांचं एकदम करायला बसू नका.

कागद लगेच रद्दीत घालू नका. आमच्याकडे चार खाटा आहेत, आणि मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवावी लागतात, मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. पोलीस केसची पाकिटं तर मी वेगळ्या कपाटात कुलपात ठेवली आहेत. किल्ली काकांकडे.