जळगाव ते टोनसाई: कमी खर्चात समुद्र आणि कातळ

थायलंडमधल्या क्राबीजवळचं रेले हे बेट वाटतं, पण बेट नाही. जमिनीलाच जोडलेलं आहे. मात्र मागे चुनखडीचे इतके सरळसोट कडे उभे आहेत की रस्ता पोहोचतच नाही, जायचं ते होडीनंच. त्या कड्यांवर चढायला जगभरातून लोक येतात. आम्ही जळगाव-धुळ्याचे चौघं गेल्या जानेवारीत जाऊन आलो. सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या रांगेत काळ्या बेसॉल्टवर चढलेले, समुद्राची सवय मात्र कुणालाच नाही. आपल्याकडून कुणी जाणार असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी वेळ ठरवा. आपली सुट्टी मे महिन्यात असते, पण तिकडे मेपासून पाऊस सुरू होतो, समुद्र खवळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आणि 'आम्ही 44 डिग्रीत राहतो, आम्हाला काय' असं म्हणू नका. आपलं ऊन कोरडं. तिथे तीस डिग्रीतच घाम वाळत नाही, हात सतत ओले राहतात, पकड सुटू नये म्हणून हाताला लावायच्या खडूच्या भुकटीची पिशवी भराभर रिकामी होते.

जळगावहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून फुकेतचं थेट विमान, पुढे मिनीव्हॅननं तीनेक तासांत आओ नांग, म्हणजे रेलेच्या होड्या सुटतात ते किनाऱ्यावरचं गाव. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर लगेच बंद करा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी तपासा.

आओ नांगहून लाँगटेल होडी दिवसा माणशी 100 बाथ घेते आणि पंधरा मिनिटांत सोडते. एक बाथ अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरा. उतरायचं पाण्यातच, म्हणून सामान ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा.

राहायला रेलेऐवजी शेजारचं टोनसाई निवडा. साध्या झोपड्या, पंखा, आणि बहुतेक शेजारी चढाई करणारेच. खोली बघताना वीज किती वेळ असते ते विचारा. पोहण्यासाठी मात्र टोनसाई चांगलं नाही, ओहोटीला नुसते खडक उघडे पडतात. पोहायला रेले वेस्ट किंवा फ्रा नांगचा किनारा. ओहोटीत टोनसाईहून रेले वेस्टला किनाऱ्यानं चालत जाता येतं, भरतीत जंगलवाट धरावी लागते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनमध्ये ठेवलंत तर होडीचे कितीतरी पैसे वाचतात.

दुसरं वेळापत्रक सावलीचं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतींवर सकाळी चढा, पूर्वेकडच्या भिंतींवर दुपारनंतर. उन्हातल्या कातळावर हात टेकवत नाही.

आता चढाई. आपला बेसॉल्ट बोटांच्या टोकांवर आणि पायांवर चढायचा. इथे कडा अंगावर येतो आणि वरून चुनखडीचे स्तंभ केळीच्या घडांसारखे लोंबतात; त्यांना मिठी मारायची, गुडघ्यात पकडायचं, जमेल तिथे हात मोकळे करून दम घ्यायचा. आमच्यातला सगळ्यात ताकदवान गडी पहिल्याच रूटवर, म्हणजे चढाईच्या मार्गावर, मध्येच ओरडला, "भो, दोर ताण!" आणि सगळ्यात हलकी असलेली धुळ्याची मैत्रीण शांतपणे वर पोहोचली. नवशिक्यांनी रेले ईस्टच्या '1-2-3' नावाच्या भिंतीवरून सुरुवात करावी. रूट किती अवघड ते सांगणाऱ्या ग्रेड फ्रेंच पद्धतीच्या असतात, आकडा वाढेल तसा रूट अवघड; 5 पासून बघा.

पैसे वाचवायचे ते खोलीत वाचवा, सुरक्षेत नाही. इथल्या खाऱ्या, दमट हवेत दोर अडकवण्यासाठी कातळात ठोकलेले स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आतून तडकतात, बाहेरून चांगले दिसत असूनही तुटतात. म्हणून आता टायटॅनियमचे, गोंदानं बसवलेले बोल्ट वापरतात. फक्त तेच असलेले रूट निवडा, आणि कड्यात ओवून ठेवलेल्या जुन्या, उन्हानं पांढरट पडलेल्या दोऱ्यांवर भार टाकू नका. कुठले रूट नवे केलेत ते स्थानिक क्लाइंबिंग शाळेत विचारा. अनुभव नसेल तर तिथूनच अर्ध्या दिवसाचा गाइड घ्या, साहित्य त्यातच मिळतं. हा खर्च टाळू नका, मी अगदी कळकळीनं सांगतोय. प्रवासविमा घेताना त्यात प्रस्तरारोहण धरलंय का ते वाचा, कारण इथून दवाखान्यात जायचं तर आधी होडी लागते.

शाकाहारी मंडळींनी 'जे' हा शब्द पाठ करावा. तो म्हटला की मांस-मासेच काय, कांदा-लसूणही नसलेलं जेवण मिळतं. नुसतं 'भाजी' समजावून सांगितलं तर माशाचा सॉस पडतोच, तेव्हा 'माय साय नाम प्ला' म्हणायचं, म्हणजे माशाचा सॉस घालू नका. आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी होती, गरम भातावर रोज कामी आली. खाऊ उघडा ठेवू नका, माकडं पिशवीसकट नेतात.

परतीच्या विमानाच्या आदली रात्र आओ नांगला काढा. समुद्र बिघडला तर होड्या बंद राहतात. रोकड आधीच काढून ठेवा.