फुकटचे इनहेलर आणि 36 महिने

ऐरोलीच्या माझ्या दवाखान्यात दम्याचे पेशंट इनहेलर कसा ओढतात, याची आम्ही तिघींनी वर्षभर नोंद ठेवली. एक आजी तर टोपण न काढताच दाबायच्या आणि वर “औषधाला गुण नाही” म्हणायच्या. पेपर लिहून झाला. जर्नलच्या पोर्टलवर चढवताना शेवटी ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’चा, म्हणजे यात कुणाशी हितसंबंध आहेत का, असा प्रश्न आला. मी ‘नाही’वर टिक केली. आधीच्या दोन्ही पेपरांना तेच केलं होतं, कुणी काही विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी ज्युनियरचा फोन. “मॅडम, आपण वापरलेले डेमोचे इनहेलर औषध कंपनीच्या एमआरनेच दिले होते ना?”

दिले होते. औषध नसलेले, पण फुकट. खोका अजून कपाटावर होता, कंपनीच्या नावासकट.

मग संपादकांना कळवलं आणि आयसीएमजेईचा, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा, हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म मागवला. प्रत्येक लेखकाने वेगळा भरायचा. 13 मुद्दे. पहिला याच पेपरसाठी मिळालेल्या मदतीचा, त्याला काळाची मर्यादा नाही. बाकीच्यांसाठी मागचे 36 महिने. पैसे घेतले असतील तरच सांगायचं, असा माझा समज. इथे तर भाषणाचं मानधन, प्रवासखर्च, शेअर, फुकट आलेलं सामान, सगळंच विचारलेलं. नेरूळच्या गाडीत बसून मोबाइलमधलं कॅलेंडर मागे मागे नेलं. कोचीच्या परिषदेतलं माझं भाषण निघालं 31 महिन्यांपूर्वीचं. तिकीट आणि मानधन त्याच कंपनीचं. सहा महिने उशिरा पेपर पाठवला असता तर यातून सुटले असते, असाही विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू!

सगळं लिहून पाठवलं. पेपर परत येईल असं वाटलं होतं, पण संपादकांनी दोनच गोष्टी विचारल्या. कंपनीने मसुदा वाचला होता का? नाही. आणि तपासणीसाठी हेच इनहेलर का निवडले? याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. हाताशी होते, म्हणून. आमचे बरेच पेशंट घरी दुसऱ्याच बनावटीचा इनहेलर वापरत होते, आणि आम्ही त्यांच्या चुका मोजत होतो या फुकटच्यावर! मर्यादांच्या परिच्छेदात ते घातलं, निष्कर्षातलं एक ठाम वाक्यही सौम्य केलं.

राहिलं पेपर तपासणाऱ्या परीक्षकांच्या नावांचं. आम्ही सुचवलेल्यांत माझ्या एमडीच्या गाइड सरांचं नाव होतं, आणि गेल्याच वर्षी आमचा एकत्र पेपर आला होता. ते काढलं आणि सरांना फोन केला.

“म्हणजे मी तुला डोळे मिटून पास केलं असतं, असं वाटतं तुला?”

“तसं नाही सर...”

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुझ्याच बॅचच्या एकाचा पेपर आलाय माझ्याकडे परीक्षणाला. थांब, त्या जर्नलला आधी मेल करतो.”