एमजीबीला माझदाचं इंजिन: घरच्या गॅरेजमधला माझा अनुभव

माझी एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९७१ ची, ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली. कॉव्हेंट्रीत नोकरीला आले आणि चार वर्षं पैसे साठवून ती घेतली. २०१९ च्या ऑक्टोबरात इंजिनाच्या तळातून ठोका ऐकू यायला लागला. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवलं तर बेअरिंगं खरवडलेली आणि क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर) नखाला लागतील असे ओरखडे.

१७९८ सीसीचं ते बी-सिरीज इंजिन ओव्हरहॉल करता आलं असतं. चांगलंच इंजिन आहे ते. पण मला ही गाडी रोज कामाला न्यायची होती, तीही मोटरवेवरून. माझ्या गाडीत ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जोडणी, नाही. चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना ती ३९०० आरपीएमवर ओरडत जायची, शेजारच्याशी बोलता यायचं नाही. म्हणून ठरवलं, इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स दोन्ही माझदा एमएक्स-५ या जपानी स्पोर्ट्स कारचे बसवायचे. या माझदाच्या सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या) गंजून जातात, इंजिन मात्र ठणठणीत राहतं. त्यामुळे १९९६ ची, १८३९ सीसीची एक अख्खी गाडी स्वस्तात मिळाली. कुणाला हे काम करायचं असेल तर नुसतं इंजिन घेऊ नका, अख्खी गाडी घ्या. वायरिंग, सेन्सर, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), नटबोल्ट, सगळं एकमेकांना जुळणारं हाताशी असतं.

एक अट मी पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवली: बॉडीला कटर लावायचा नाही. त्यामागे कायदाही होता. तेव्हाच्या ब्रिटिश नियमांत गाडीची जुनी ओळख टिकायला ८ गुण लागायचे. फेरफार न केलेल्या मूळ बॉडीला ५ आणि इंजिनाला फक्त १. इंजिन बदललं तर फारसं बिघडत नाही, बॉडी कापली तर गाडीचा नंबरच धोक्यात. पण कायदा नसता तरी मी कापली नसती. पुढेमागे कुणाला मूळ इंजिन परत बसवावंसं वाटलं, तर ते चार बोल्टांवर बसलं पाहिजे.

त्या अटीमुळे सगळं काम मोजमापाचं झालं. भाड्याने आणलेल्या क्रेनवर इंजिन अकरा वेळा आत-बाहेर केलं. चेंबर आणि खालचा आडवा बीम यांच्यात किती जागा राहते ते डोळ्यांना दिसत नव्हतं. मग बीमवर मुलांच्या खेळण्यातली माती थापली, इंजिन अलगद उतरवलं, पुन्हा उचललं आणि दबलेल्या मातीची जाडी कॅलिपरने मोजली: १४ मिमी. पुरेशी होती. इंजिनाच्या ब्रॅकेटचे नमुने आधी जाड पुठ्ठ्याचे कापले, मग ५ मिमीच्या पत्र्यातून. स्पार्क प्लगना वीज देणारा कॉइल पॅक हेडच्या मागे असतो, तो फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भिडत होता, म्हणून बाजूला हलवला.

गिअरबॉक्सचं मात्र मला आधी कळलंच नव्हतं. माझदात त्याला मागून आधार देणारं माउंटच नसतं! गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीपर्यंत) एक लांब ॲल्युमिनियमची फ्रेम जाते, तीच त्याला धरून ठेवते. एमजीबीत ती येऊ शकत नाही. मग आधाराचा क्रॉस मेंबर नव्याने बनवावा लागला, जुन्या भोकांवरच बसेल असा.

वायरिंगला दोन आठवडे गेले. जेवणाच्या टेबलावर हार्नेस पसरून, नको त्या तारा एकेक ओळखून काढल्या. पेट्रोलसाठी इंजेक्शनला साधारण ३ बारचा दाब लागतो, तो जुन्या पंपाच्या कुवतीबाहेरचा. त्यामुळे नवीन पंप, परतीची वेगळी नळी, आणि वळणावर हवा ओढली जाऊ नये म्हणून मध्ये एक छोटी टाकी.

मार्चमध्ये लॉकडाउन लागलं. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) कापून बॅलन्स करून देणारं वर्कशॉप बंद. जूनमध्ये शाफ्ट आला, बसवला, इंजिन दुसऱ्या स्टार्टला लागलं. मी गॅरेजमध्ये एकटीच होते, खाली बसून रडले.

आणि मग पहिल्याच फेरीत ताशी ५० मैलांच्या पुढे सीटखाली घरघर सुरू झाली. शाफ्ट पुन्हा बॅलन्सला दिला, चाकं तपासली. फरक शून्य. माझ्या वडिलांचं कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

"वेगाबरोबर वाढतंय का इंजिनाबरोबर?"

"वेगाबरोबर, बाबा. क्लच दाबला तरी राहतं."

"मग दोन्ही टोकांचे कोन मोजलेस काय, पोरी?"

मोजले नव्हते. लांबी मोजली होती, व्यास मोजला होता, कोन नाही. शाफ्टचा क्रॉस (टोकाचा वाकणारा सांधा) कोनात फिरला की शाफ्ट एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे राहतो. मागच्या टोकाचा क्रॉस हा झटका खाऊन टाकतो, पण त्यासाठी गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची (डिफरन्शियलमध्ये शाफ्ट जोडतो त्या गिअरची) रेषा समांतर असावी लागते. अँगल मीटर चिकटवून पाहिलं तर गिअरबॉक्स ४.५ अंश, पिनियन ३ अंश. वरच्या बोगद्याला (गिअरबॉक्सवरच्या फ्लोअरच्या उंचवट्याला) टेकू नये म्हणून मीच गिअरबॉक्सची शेपटी जास्त खाली ठेवली होती. आधाराखाली पट्ट्या घालून ती २० मिमी वर घेतली. वर अजून बोटभर जागा उरली. ताशी ७० ला घरघर गेली ती गेलीच.

कागदपत्रं त्यामानाने सोपी. विमा कंपनीला काम सुरू करण्याआधीच कळवलं होतं. डीव्हीएलएकडे, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याकडे, नोंदणीपत्र, नवा इंजिन नंबर, नवी सीसी आणि खरेदीची पावती पाठवली. चाळीस वर्षांवरच्या मूळ गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण इंजिन बदललेल्या गाडीसाठी मी ती घेत नाही, दरवर्षी तपासणी करून घेते. हे ब्रॅकेट मी स्वतः वेल्ड केलेत, दुसऱ्या कुणाची नजर त्यांच्यावर फिरलेली बरी.

आता पाचव्या गिअरमध्ये ताशी ७० ला ३२०० च्या आसपास आरपीएम असतात. जुनं इंजिन तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलंय, त्याचे बोल्ट डब्यात, डब्यावर चिठ्ठ्या. स्पीडोमीटरची केबल बसली, पण काटा खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवतो. त्याचं गिअर बदलायचं काम या हिवाळ्यात काढणार आहे.