आठ जीबीचं कार्ड आणि अकराशे मॉड

मे २०२४. पुण्यात तपकीर गल्लीतल्या आमच्या कम्प्युटर असेंब्लीच्या टेबलावर भर दुपारी एक कॅबिनेट येऊन पडलं. सोबत बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आणि त्याचे वडील. मुलाला ग्राफिक्स कार्ड बदलून वरचं हवं होतं, मागणी एका वाक्यातली: "दादा, ४०६० काढा आणि ४०७० टाका, गेम अडकतोय." वडिलांचं म्हणणं त्याहून लहान: "सहा महिन्यांपूर्वीच घेतलंय हो ते."

अशा वेळी नवं कार्ड विकणं सगळ्यांत सोपं असतं. पण तेच गिऱ्हाईक महिनाभरात "अजून अडकतंय" म्हणत परत येतं, म्हणून मशीन आधी लावून बघायचं असा आमचा नियम आहे. आत रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, आठ जीबी मेमरीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा पॉवर सप्लाय. मॉनिटर १४४० पी, म्हणजे २५६० गुणिले १४४० पिक्सेलचा. गेम स्कायरिम स्पेशल एडिशन, वर जवळपास अकराशे मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या जोडण्या), ईएनबी या प्रकाश-सावल्या सजवणाऱ्या जोडणीचा जड प्रीसेट (तयार सेटिंग) आणि जिथे मिळालं तिथे ४के टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं).

स्कायरिम मुळात २०११ चा गेम. तेव्हा तो ३२ बिटचा होता, त्यामुळे चार जीबीच्या पुढे मेमरी मागायची सोयच नव्हती. २०१६ ची स्पेशल एडिशन ६४ बिट झाली आणि मॉड टाकणाऱ्यांचे हात मोकळे सुटले. जुना गेम म्हणून साधं कार्ड पुरेल, हा हिशेब इथे चालत नाही. मॉड घातलेला स्कायरिम हा गेम एका कंपनीने तोलून-मापून बनवलेला नसतो. शंभर जणांनी आपापल्या घरी बसून केलेलं सामान एकाच खोलीत कोंबलेलं असतं.

आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजमापाची साधनं लावून गेममधल्या व्हाइटरन शहराबाहेरच्या मैदानात घोडा पळवला. सरासरी ५८ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ५८ फ्रेम. आकडा ऐकून वडील म्हणाले, "मग चांगलंच आहे की." पण १ टक्का लो, म्हणजे सगळ्यांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग, १९ होता आणि फ्रेमटाइमची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेची, रेघ दर तीन-चार सेकंदांनी उंच उडी मारत होती. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, इथे मधूनच १४० ची यायची. डोळ्याला अडकल्यासारखं वाटतं ते हेच. सरासरीत ते बुडून जातं.

मग टास्क मॅनेजर उघडून जीपीयूच्या (कार्डावरच्या ग्राफिक्स प्रोसेसरच्या) पानावरचे दोन आकडे मुलाला दाखवले. डेडिकेटेड मेमरी, म्हणजे कार्डाची स्वतःची, ७.७ जीबी; भरलेलीच. शेअर्ड मेमरी २.९ जीबी. निदान त्या दुसऱ्या आकड्यातच होतं. शेअर्ड थोडीफार नेहमीच दिसते, पण गेम सुरू असताना ती चढत गेली तर समजायचं की कार्डात न मावलेलं सामान रॅममध्ये जाऊन बसलंय आणि तिथून कार्डाला बोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने ये-जा करतंय.

ही वाट किती अरुंद आहे ते बघा. ४०६० च्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला २७२ जीबी. कार्डाला पीसीआय एक्स्प्रेसच्या लेन फक्त आठ. कार्ड चौथ्या पिढीचं असलं तरी बी४५० बोर्ड तिसऱ्या पिढीचा स्लॉट देतो. तिसरी पिढी गुणिले आठ लेन, म्हणजे सेकंदाला आठ जीबीच्याही किंचित कमी. चौतीसपट फरक! हेच कार्ड चौथ्या पिढीचा स्लॉट देणाऱ्या बी५५० बोर्डावर असतं तर झटके निम्मे झाले असते असं मी म्हणणार नाही, पण कमी नक्की झाले असते. आठ लेनचं कार्ड जुन्या बोर्डावर घालताना हा प्रश्न दुकानात क्वचितच कुणी विचारतं.

आठ जीबी भरतात कशाने? ४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल. बीसी७ पद्धतीने दाबलेलं असेल तर पिक्सेलमागे एक बाइट, म्हणजे १६ एमबी. त्यावर मिपमॅपचा, म्हणजे त्याच चित्राच्या लहान-लहान प्रतींचा, एक तृतीयांश, म्हणजे साधारण २१ एमबी. प्रत्येक वस्तूला रंगाचं एक आणि नॉर्मल मॅपचं (उंचसखलपणा दाखवणारं) एक, असे ४२-४३ एमबी झाले. अशा शंभर वस्तू नजरेसमोर आल्या की चार जीबी गेले, आणि अजून माणसं, गवत, डोंगर, ईएनबीचे स्वतःचे बफर बाकीच आहेत. याच्या फोल्डरमध्ये दोन मॉड तर न दाबलेल्या टेक्स्चरचे निघाले. तिथे पिक्सेलमागे चार बाइट, एकेक फाइल ८५ एमबीची. आणि ती कशाची? टेबलावरच्या टोपलीची आणि चीजच्या तुकड्याची.

४के टेक्स्चर आणि ४के मॉनिटर यांचा एकमेकांशी संबंध नाही, ही गोष्ट दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगावी लागते. १४४० पी पडद्यावर चीजचा तुकडा शंभर पिक्सेलचा दिसतो. त्याला चार हजार पिक्सेलचं टेक्स्चर म्हणजे डब्यात चटणी न्यायला पातेलं.

म्हणून आधी पैसे न घालवता करून पाहिलं. मॉड फोल्डरची प्रत काढली, कॅथीड्रल ॲसेट्स ऑप्टिमायझर या साधनाने किरकोळ वस्तूंची टेक्स्चर १के, कपडे-चिलखतं आणि इमारती २के केल्या, न दाबलेलं सगळं बीसी७ मध्ये आणलं. जमीन, डोंगर आणि चेहरे मात्र ४के तसेच ठेवले, कारण ते जवळून आणि मोठे दिसतात. यात पावणेदोन तास गेले. मूळ फाइलवर हे कधी चालवू नये, एखाद्या मॉडची टेक्स्चर बिघडली तर परत यायला जागा हवी. डेडिकेटेड मेमरी ६.८ वर आली, शेअर्डचं चढणं थांबलं, १ टक्का लो ३९ झाला. मुलाला स्क्रीनशॉट शेजारी ठेवून फरक शोधायला सांगितला. टोपलीत त्याला काही सापडला नाही.

इथे काम संपायला हवं होतं. पण गेममधल्या रिफ्टन शहराच्या बाजारात गेल्यावर एफपीएस ३८ वर अडकले आणि जीपीयूचा वापर ६० टक्क्यांवर. कार्ड रिकामं बसलंय म्हणजे दोष त्याच्याकडे नाही. खात्री करायची सोपी युक्ती आहे: रेझोल्यूशन १०८० पी करायचं. एफपीएस वाढले नाहीत तर अडथळा प्रोसेसरचा. ते ३८ चे ३९ झाले. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ३५ टक्के दाखवतो, त्यामुळे लोक फसतात. हा गेम मुख्य काम एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर, करतो, तो एक कोंडलेला आणि बाकीचे मोकळे. ४०७० टाकलं असतं तरी रिफ्टनमध्ये ३८ च राहिले असते.

वडील आता खुर्ची ओढून बसले होते. "मग नक्की काय घ्यायचं ते सांगा. पंचाहत्तर हजारांच्या वर जायचं नाही." मुलाला ईएनबी सोडायचा नव्हता आणि पुढे अजून मॉड टाकायचे होते. तो हट्ट रास्त आहे, त्याच्यासाठीच तर तो खेळतो.

त्या महिन्यात विचारात घेण्यासारखी तीन कार्डं. ४०७० वेगवान, वीज फक्त २०० वॅट, पण मेमरी १२ जीबी. या मुलाची सवय बघता दिवाळीपर्यंत ते भरलं असतं. ४०६० टीआयची १६ जीबीची आवृत्ती मेमरीला पुरेशी, पण मेमरीची बस, म्हणजे तिच्याकडे जाणारा रस्ता, १२८ बिटचीच, वेग सेकंदाला २८८ जीबी, लेन परत आठ. जड ईएनबी १४४० पी वर ओढायला ते कमी पडतं. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७८०० एक्सटी: १६ जीबी, २५६ बिट, सेकंदाला ६२४ जीबी, लेन पूर्ण सोळा. आमचं मत त्याच्या बाजूने होतं, पण एक अडचण होती. ईएनबीचे जड परिणाम रेडिऑनवर एनव्हिडियाइतके सहज चालत नाहीत. म्हणून बिल करण्याआधी दुकानातलं डेमो कार्ड लावून त्याचाच प्रीसेट चालवला. त्याआधी सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या साधनाने एनव्हिडियाचा ड्रायव्हर पूर्ण काढला. दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकावर एक चढवले की पुढचे दोन दिवस भुताटकी शोधण्यात जातात. प्रीसेटमधली ॲम्बियंट ऑक्लूजनची (कानाकोपऱ्यांतल्या सावल्यांची) गुणवत्ता एक पायरी खाली आणल्यावर चाललं. मुलाने स्वतः खेळून हो म्हटल्यावरच पुढे गेलो.

आता टेप काढली. कॅबिनेटच्या कागदावर कार्डासाठी ३१५ मिमी लिहिलं होतं, पण ते पुढे पंखे नसताना. पुढचे पंखे २५ मिमीचे, उरले २९०. तीन पंख्यांची बरीच कार्डं ३०० च्या वर जातात. २८० मिमीचं दोन पंख्यांचं घेतलं, जाडी अडीच स्लॉटची. मेमध्ये पुण्यात खोलीतच ३६-३७ अंश असतात, त्यामुळे पुढचा पंखा काढून कार्ड बसवायचा सल्ला आम्ही देत नाही.

७८०० एक्सटी २६३ वॅट घेतं आणि कंपनी ७०० वॅटचा सप्लाय सांगते. ७५० वॅटचा गोल्ड दर्जाचा घेतला. कार्डाच्या आठ पिनांच्या दोन जोडण्यांना दोन वेगळ्या केबल दिल्या, एकाच केबलची शेपटी दुसरीकडे लावली नाही. इथे मुलाने पिशवीतून रंगीत विणलेल्या केबलचा संच काढला, जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) सप्लायसाठी हौसेने आणलेला. "दादा, ह्याच लावा ना, खाच बसतेय." खाच बसते, हाच धोका आहे. कार्डाच्या बाजूची पिनरचना ठरलेली असते, सप्लायच्या बाजूची प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की एसएसडी जळते, मॉडसकट. केबल पिशवीत परत गेल्या.

रिफ्टनच्या अडथळ्यासाठी नवा प्रोसेसर ५७०० एक्स थ्रीडी. बोर्ड तोच राहतो आणि ९६ एमबीचा एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) अशा जुन्या वळणाच्या इंजिनाला फार मानवतो. क्रम महत्त्वाचा: जुना प्रोसेसर सॉकेटात असतानाच बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करायचा. त्याआधी विंडोजचं बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) बंद किंवा रिकव्हरी की कागदावर, कारण नवा प्रोसेसर लागला की एफटीपीएम (प्रोसेसरमधली किल्ल्यांची तिजोरी) रिसेट करायचा का, असं बोर्ड विचारतं आणि हो म्हटलं की जुन्या किल्ल्या गेल्या. कूलर काढण्याआधी दहा मिनिटं लोड टाकून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम केली, मग हलकेच पिळून उचलला. थंड कूलर सरळ वर ओढला तर एएम४ प्रकारचा हा प्रोसेसर बंद सॉकेटातून उपटून सोबत येतो आणि पिना वाकतात. ५७०० एक्स थ्रीडीसोबत कूलर येत नाही, ३६०० सोबतचा छोटा पुरत नाही. चार हीटपाइपचा १२० मिमीचा टॉवर बसवला. रॅम जुन्या दोनांत दोन न मिसळता १६-१६ जीबीची नवी डीडीआर४-३६०० जोडी.

रिसायझेबल बारसाठी (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसण्याची सोय) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याची बायोसमधली सोय, बंद केलं आणि मशीन सुरूच होईना, थेट बायोसमध्ये. २०१९ मध्ये विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या विभागणीच्या डिस्कवर टाकलेलं होतं. सीएसएम परत चालू, बॅकअप, विंडोजच्याच एमबीआर-टू-जीपीटी साधनाने आधी तपासणी, मग रूपांतर. वीस मिनिटांचं काम, पण रात्रीचे साडेआठ वाजले होते.

मग गेम चालू केला आणि अर्ध्या तासाने काही न सांगता डेस्कटॉपवर आला. दोनदा. कार्डावर संशय घेण्याआधी पेजफाइल, म्हणजे रॅमच्या मदतीला डिस्कवर ठेवलेली जागा, पाहिली. "एसएसडी झिजते" म्हणून कुठेतरी वाचून मुलाने ती बंद केली होती. विंडोज गेमला मेमरी देताना रॅम अधिक पेजफाइल इतकंच वचन देऊ शकतं. ती मर्यादा संपली की रॅम रिकामी दिसत असतानाही गेम कोसळतो. किमान २०४८०, कमाल ४०९६० एमबी ठेवली. पुन्हा कोसळला नाही.

४के टेक्स्चर परत घालून शेवटचं माप: मेमरी ११.४ जीबी, मैदानात सरासरी ७६, लो ५४. रिफ्टनमध्ये ३८ चे ६१. वडिलांनी घड्याळ बघितलं, मुलाने पडदा. जुनं ४०६० खोका आणि बिलासह होतं आणि वॉरंटी अडीच वर्षं शिल्लक, त्यामुळे ते दोन दिवसांत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलं.

चौथ्या दिवशी फोन. "दादा, लाइट गेली की गेममध्ये मशीन धाडकन बंद होतं. यूपीएस पीं करतो." यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅटचा. नवं मशीन खेळताना मॉनिटरसह भिंतीतून साडेचारशेच्या पुढे ओढत होतं. कार्डाची लांबी मोजली, केबल मोजल्या आणि टेबलाखालचा डबा विचारायचाच राहिला, ही चूक सरळ आमची. ११०० व्हीए, ६६० वॅटचा आमच्या खरेदीच्या भावात पाठवला. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर कॅबिनेटच्या मापाखाली एक ओळ वाढली आहे: यूपीएस किती व्हीए, त्यावर अजून काय काय लावलंय?