तारेचा हेडफोन अजून कशासाठी

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि घरीदारी सगळेच विचारतात म्हणून, एकदा नीट सांगतो. दीड-दोन हजारांत वायरलेस मिळत असताना मी हा जुना तारेचा हेडफोन का सांभाळतो, आणि नुसत्या कानाच्या गाद्यांवर एवढे पैसे का घालतो?

फोनला लावला की तो दबल्यासारखा वाजतो, हे मान्य. माझ्या या सेनहायझर एचडी ६०० चा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, ३०० ओहम. फोनच्या जॅकमधून त्याला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, वेगळा अँप (अँप्लिफायर) लागतो. पाठीमागे नुसती जाळी, त्यामुळे मी काय ऐकतोय ते शेजारच्याच्याही कानावर पडतं. लोकलमध्ये त्याचा काही उपयोग नाही. पण १९९७ साली आलेल्या या मॉडेलची केबल, गाद्या, आतला फोम, डोक्यावरची उशी, सगळं सुटं होतं आणि बदलता येतं. वायरलेसची बॅटरी दमली की बहुतेक वेळा अख्खी वस्तूच टाकावी लागते. गाद्या बदलणं ही चैन नाही. त्या दबल्या की ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर, कानाच्या जवळ येतो आणि आवाजाचा तोल बदलतो. बदल इतका सावकाश होतो की कान त्यालाच खरं मानू लागतो.

हौस आहेच, ती मी कधी नाकारली नाही. पण मी जुन्या घरगुती कॅसेटी संगणकावर उतरवतो, आणि त्या कामात मला रोज एकच प्रश्न पडतो: हे जे ऐकू येतंय ते टेपमध्ये आहे की माझ्या हेडफोनमध्ये?

मामाची कॅसेट उतरवत होतो तेव्हाची गोष्ट. मामा काळी एकमध्ये गायचा, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा. तो मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’वर, आला की डाव्या कानात खरखर. कॅसेट मोनो, म्हणजे दोन्हीकडे सारखंच यायला हवं. दोन्ही वाट्यांच्या केबलची टोकं अदलाबदल करून पाहिली. खरखर त्याच वाटीत राहिली. म्हणजे दोष टेपचा नाही, अँपचा नाही, केबलचाही नाही. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर तिथल्या माणसाने मिनिटभर कानाला लावला आणि म्हणाला, ‘ड्रायव्हर गेलाय. यात पैसे घालू नका, नवा घ्या.’ उघडून पाहायची तसदीही घेतली नाही. मामा गेल्यानंतर त्याचा आवाज म्हणून एवढी एकच टेप उरली होती आणि मामेबहीण रोज विचारत होती.

रात्री गादी ओढून काढली, खालचा पातळ फोम उचलला. जाळीच्या भोकातून एक आखूड पांढरा केस आत गेला होता आणि त्याचं टोक ड्रायव्हरच्या पडद्याला टेकलं होतं. खालचा सूर लागला की पडदा जास्त हलतो, म्हणून खरखर तिथेच. चिमट्याने केस काढला. फोम धुऊन, पूर्ण वाळवून बसवला.

मग तीच जागा पुन्हा ऐकली. पंचम स्वच्छ होता, पण मामाचा श्वास तिथे पुरत नव्हता. सूर लागायचा, धरवत नव्हता. त्या वर्षी तो आजारी होता हे आम्हाला फार उशिरा कळलं. टेपला ते आधीच ठाऊक होतं. वाईट हेडफोनवर मी ते खरखरीच्या नावावर घालून ‘साफ’ केलं असतं. इतरांना मी फाजील काळजी करतो असं वाटतं, तेव्हा मला ही जागा आठवते.

आता ईक्यूबद्दल, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे सूर कमी-जास्त करण्याबद्दल. पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो की ध्वनिमुद्रणात जे आहे ते जसंच्या तसं ऐकावं, बटणं फिरवू नयेत. पण ‘जसंच्या तसं’ ऐकवणारा हेडफोन कुठे आहे? काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा सूर, साधारण ६९ हर्ट्झला, आणि एचडी ६०० चा आवाज साधारण शंभर हर्ट्झच्या खाली कमी होत जातो. म्हणून मी खालचे सूर तीनेक डेसिबल चढवतो आणि आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी तेवढीच उतरवतो. खर्ज भरतो, तानपुरा खोलीत येतो. तरी मनातला जुना मी विचारतोच, ‘हा तानपुरा मामाचा की तुझ्या आवडीचा?’ त्याला देण्याजोगं उत्तर माझ्याकडे नाही. तूर्त फाइल न बदलता ठेवतो, ईक्यू फक्त ऐकताना.

२०२२ मध्ये सेनहायझरचा हेडफोनचा धंदा स्वित्झर्लंडच्या सोनोवाकडे गेला. सुटे भाग आज मिळतात. दहा वर्षांनी मिळतील का, हे कोण सांगणार? गाद्यांच्या जास्तीच्या जोड्या घेऊन ठेवाव्यात, तर इथल्या दमट हवेत फोम न वापरताही म्हातारा होतो. सिलिका जेल घालून डब्यात ठेवलेली एक जोडी आहे. या पावसाळ्यानंतर ती चढवणार आहे, आणि लगेच दुसरी मागवणार आहे.